मालक क्रमांक १००१

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून कागदावर. झालं ते क्रमाने:

१. शनिवारी सकाळी दादाने कार्यशाळेतल्या मशीनसाठी, म्हणजे तुझी मापं ठेवलेल्या संगणकासाठी, नवा सोर्स कोड उतरवला आणि सगळी सिस्टिम त्यातून पुन्हा बांधायला घेतली. हे मीच सांगितलं होतं. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणं बंद झालं आहे.
२. बांधणी सात तास चालली. बिनचूक.
३. शेवटी मशीन एकेका सेटिंगच्या फाइलीबद्दल विचारतं, तुमची जुनी ठेवू की नवी? दादाने दरवेळी नवी म्हटलं. त्यात वापरणाऱ्यांची यादीही बदलली. नव्या यादीत ना तू, ना तो.
४. घाबरून त्याने स्वतःचं खातं पुन्हा उघडलं. त्याला पहिला मोकळा क्रमांक मिळाला, १००१. तो तुझा होता.
५. मशीन फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितं. म्हणून तुझ्या अकरा वर्षांच्या मापांच्या फाइलींपुढे आता दादाचं नाव दिसतं.

एवढंच. त्याने तुझं काम लाटलेलं नाही. तेवढी हुशारी त्याच्यात असती, तर तिसऱ्या मुद्द्यालाच तो थांबला असता. यादी समोर आल्यावर कुणीही थांबतं. हा थांबला नाही, ही चूक त्याचीच. पण सख्ख्या भाच्याला कार्यशाळेची पायरी चढू नकोस म्हणणं मला पटलेलं नाही.

गुडघ्याला शेक देतेस ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची


८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा राग आला. मी माणसांना पाय करून देते, बाई. मला क्रमांकांच्या गोष्टी सांगू नकोस. पडद्यावर ओळीने माझे पेशंट आणि प्रत्येकापुढे ह्याचं नाव! मी विचारलं, हे काय रे? तर खाली मान घालून म्हणतो, मशीनने केलं. मशीनला काय माझं वावडं होतं?

गेल्याच महिन्यात म्हणत होता, मावशी, आता तू बसून राहा, मी बघतो सगळं. बोट धरायला दिलं तर मनगटच धरलंन्. आणि तू बहीण. तुझी साक्ष मी कशी मानू?

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा पाय अर्धवट पडून आहे. मांडी जिथे बसते त्या खोबणीला घासून आकार द्यायला त्याच्यासारखा हात नाही, हे मी नाकारत नाही. माझे हात आता थरथरतात. त्या तीनदा येऊन गेल्या आणि तिन्ही वेळा त्यांना खुर्चीवर बसवून मी परत पाठवलं. तरी त्याला बोलावणार नाही. परवा वर्तमानपत्रात मदतनीस हवा म्हणून जाहिरात देऊन टाकते.

तू वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

मावशी


९ मार्च

बाईसाहेबांस,
सप्रेम नमस्कार.

मावशीने तुझं पत्र मला दारातूनच वाचून दाखवलं. यादी समोर आल्यावर कुणीही थांबतं, हे वाक्य जरा मोठ्याने.

मी थांबलो होतो. पाच मिनिटं तरी. मग बांधणीच्या पायऱ्यांचा तुझा कागद पाहिला. सोबत पाठवतोय, अक्षर तुझंच आहे. सातवी पायरी बघ: प्रश्न येतील, दरवेळी नवीन ठेवणे. खाली दोन रेघा. तू म्हणतेस, कागदाबाहेर डोकं चालवू नकोस. नाही चालवलं.

मावशीला मी हा दाखवलेला नाही. माझ्यावरचा विश्वास उडालाच आहे. तुझ्यावरचा तरी राहू दे. तिला दोघांपैकी एकजण लागेलच.

मी बरा आहे. बसून बसून कंटाळलोय. लोभ नको, उत्तर धाड.

दादा


१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्या पहिल्या पत्रातला तिसरा मुद्दा चुकीचा आहे. दुरुस्ती अशी: दादाने जे केलं ते माझ्या लेखी सूचनेप्रमाणे केलं. तो कागद मी मशीन कोरं होतं तेव्हा लिहिला. तेव्हा जपण्यासारखी यादीच नव्हती, तुझी जुनी मापं त्यावर नंतर आली. दोन वर्षांत मी तो बदलला नाही आणि दादाने कधी विचारलं तर त्याला वर सुनावलं, कागद वाच. कागद सोबत जोडला आहे. सातवी पायरी वाचावीस. चूक माझी आहे, पूर्ण. हे लपवून तो आठ दिवस तुझ्या शिव्या खात राहिला.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे: आधी दादाचा क्रमांक बदलायचा, मग १००१ क्रमांकाने तुझं खातं उघडायचं, मग प्रशासकाला पासवर्ड घालायचा, नव्या यादीमुळे तो सध्या रिकामा आहे, म्हणजे कुणीही आत शिरेल. नवा कागद याच पाकिटात आहे. यावेळी मी तो इथल्या मशीनवर पायरीगणिक करून पाहिला.

हे दादानेच करावं. तू शेजारी खुर्ची घेऊन बस आणि तुझं नाव परत येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पासवर्ड तू ठरव. मला कळवू नकोस.

रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव. मला ते चालेल, असं मी म्हणणार नाही. पण ते बरोबर असेल.

जाहिरात दिली असल्यास मागे घ्यावीस. दादाला कधी बोलावतेस, ते मंगळवार, १९ तारखेपर्यंत कळव.

तुझी भाची