तिसऱ्या अंकातली माफी

गुरुजी, तुमचं नाटक सांगून संपलं. परवा दुपारी तिसऱ्या अंकावर पडदा टाकला आणि सुनेनं पेन खाली ठेवून विचारलं, "आई, झालं?" मी म्हटलं, "झालं. आता चहा टाक." दोन महिने मी बोलत होते आणि ती लिहीत होती. तुमच्या हातची वही तुमच्याच ट्रंकेत उंदरांनी वाचून काढली, शिवण तेवढी ठेवली. आणि जिला एक अक्षर ओळखता येत नाही तिच्या पोटात तीनही अंक निघाले, पहिल्या प्रवेशातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्यासकट. तुम्ही असता तर मिशीत हसला असता. हसा. आता तुम्हाला कोण पाहतं.

हे पत्रही सूनच लिहून राहिली आहे. मी आपल्या बोलीत बोलते, ती शाळेच्या बोलीत उतरवते. मी एवढासा शब्द बोलले आणि तिचा हात कागदावर लांब चालत गेला की मला कळतं, हिनं माझ्या शब्दाला लुगडं नेसवलं. तेवढं चालू देते. फक्त तिला बजावलं आहे, माणसांचं बोलणं आलं की त्याला हात लावू नको. जो जसा बोलला तसाच राहू दे.

तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. तिला एवढंच माहीत की केशोरीकडे एक मास्तर होते, नाटकं लिहायचे, ती दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावोगाव व्हायची आणि तिची सासू त्यांत काम करायची. तुम्ही आमच्या अंगणात कसे यायचे ते तिला परवा सांगितलं. आम्ही दहा-बारा बाया बिड्या बांधत बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं. तुम्ही खाटेवर बसून नवं नाटक वाचायचात आणि वाचताना आमच्या तोंडाकडे पाहतच नसायचात, हाताकडे पाहायचात. तुम्ही म्हणायचात, बाईचं तोंड मास्तरला मान देते, हात देत नाही. हात चालू राहिले तर प्रवेश कच्चा. हात थांबले तर पानाच्या कडेला खूण. आमच्यातली एक म्हणायची, "गुरुजी, तुमचं नाटक लई चांगलं झालं तर आमी उपाशी मरू." मग आजूबाजूच्या गावांचे लिहिणारेही यायला लागले. मंडईत ज्यांची मंडळं एकमेकांचा मांडव उखडायला निघायची, ते आमच्या अंगणात एका खाटेवर बसून एकमेकांचे प्रवेश दुरुस्त करायचे. एकाची नटी आजारी पडली की दुसरा आपली पाठवायचा, आणि पाठवताना सांगायचा, हिला दुसऱ्या अंकात पाणी द्या, हिचा घसा सुकतो.

ते अंगण अजून चालू आहे, गुरुजी. बिड्या आता आमच्याकडे कोणी बांधत नाही, म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात लाखोळीची डाळ देते निवडायला, बाप्या असो की बाई. तिरोड्याचा एक जण येतो, दिवसपाळी-रातपाळी करून सिनेमाच्या गोष्टी लिहितो. त्याची गोष्ट मुंबईहून परत आली की मोटारसायकल काढून इकडे येतो, वाचतो, आणि खडे डाळीत ठेवून डाळ बाहेर टाकतो. गोंदियाची एक पोरगी आहे, नाटकात काम करते, बोलते सगळं हिंदीत आणि स्टेजवर गेली की आपल्यापेक्षा बरं मराठी. ती बाळंत झाली तेव्हा तिची कामं दुसरीनं केली, आणि पोर तीन महिन्यांचं झाल्यावर एकेक करून परत दिली. परत देताना तोंड वाकडं केलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. माझी सूनही लिहिते. चांगलं लिहिते. हे वाक्य ती लिहिणार नव्हती, मी दोनदा सांगून लिहायला लावलं.

यांनीच ठरवलं की येत्या मंडईला तुमचं नाटक पुन्हा करायचं आणि पुस्तकही काढायचं, वर तुमचं नाव. म्हणून मी सांगायला बसले. आणि तिसऱ्या अंकात भाचीच्या शेवटच्या वाक्यापर्यंत आले तेव्हा मी पाणी मागितलं, आणि मग म्हटलं, घसा बसला. दोन दिवस बसवून ठेवला. तिरोड्याच्यानं मध आणला, पोरीनं फोनवरून काढे सांगितले. घशाला काही झालं नव्हतं. ते वाक्य सांगावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. काऊन, ते तुम्हाला ठाऊक आहे. सुनेला आज कळते आहे.

तुमची वहिनी बिड्या बांधताना माझ्या उजव्या हाताला बसायची. मी तिला मावशी म्हणायची. तुमचा मोठा भाऊ गेल्यावर तिच्या वाट्याचं शेत, बोडीच्या तळ्याखालची धानाची बांधी, तुमच्या नावावर झालं. गाव म्हणायचं, बाईनं लेकरासारख्या दिराला आपल्या हातानं देऊन टाकली. एकदा पान कापता कापता मावशी मला म्हणाली, "वाचून देखवलं एक, लिवलं होतं एक. अंगठा मात्र माझाच होता वं." आणि पुढच्या पानाला कातरी लावली. त्यावर मी काही विचारलं नाही, तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

त्याच साली तुम्ही मला पाटी आणि पेन्सिल आणून दिली होती. म्हणालात, इतकं पाठ करतेस, अक्षरं शिकशील तर मोठी नटी होशील. मी त्या पाटीवर लसूण ठेचला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या डोक्यात अक्षर बसत नाही. लोक म्हणतात, शिकलेली बाई फसत नाही, आणि ते खरंच आहे. पण तुमच्या हातून शिकायला माझा हात पुढे झाला नाही. पुढे दुसऱ्या कोणाकडून शिकता आलं असतं, तोवर आळस लागला. तो दोष तुमच्यावर टाकत नाही.

मग पुढच्या साली तुम्ही हे नाटक घेऊन आलात. मामा आपल्या विधवा भाचीचं घर लिहून घेतो आणि शेवटी भाची त्याला माफ करते. दिराचा मामा केलात, बांधीचं घर केलंत. सोंग बदलायला तुम्ही हुशार. शेवटचा प्रवेश वाचलात तेव्हा दहा बायांचे हात थांबले, एकीनं पदरानं नाक पुसलं. तुम्ही खूण केली नाही. मावशीचे हात चालूच होते. आठ दिवसांनी शेवट बदलून आलात, मामा भाचीच्या पाया पडला. मावशीनं बिड्यांचा कट्टा बांधला. मग मामाला रोग लावलात. मग आंधळा केलात. शेवटी आमच्यातली एक म्हणाली, "गुरुजी, आता मारूनच टाका त्याले, सुटन बिचारा." सगळ्या हसल्या. मावशीही हसली, पण हात नाही थांबवला. तेव्हा मला कळलं की तुम्ही दहा बायांना वाचून दाखवतच नव्हता.

भाचीचं काम मला दिलंत. बाहेरून नटी आणायची रीत होती, तुम्ही म्हणालात, ही आधीच पाठ करून बसली आहे, हिचं भाडंही द्यावं लागत नाही. आपल्या गावच्या मंडईत प्रयोग लागला आणि मावशी बायांत सगळ्यात पुढे येऊन बसली. शेवटच्या प्रवेशात मामा माझ्या पायाशी, आणि मी समोर तिच्याकडे पाहून राहिली. वाक्य तोंडात होतं. "मामा, मी तुम्हाला माफ केलं." एवढंच. त्या दिवशी पडद्याआडून प्रॉम्प्टिंग तुम्हीच करत होता. तुम्हाला वाटलं, विसरली. तुम्ही वाक्य हळूच दिलंत. मग जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं की पुढच्या बायांनी ऐकलं, आणि तुमचा आवाज फाटला. मी भाचीचं बोचकं उचललं आणि काही न बोलता आत निघून आली. लोकांना वाटलं असाच शेवट आहे. टाळ्या आल्या.

सकाळी मी चुलीपुढे तांदळाची भाकर थापत होते. तुम्ही दारातच उभे राहिलात.

"काऊन सोडलं वाक्य?"

"आठवलं नाई, गुरुजी."

"तुले? तुले आठवलं नाई?"

"नाई."

तुम्ही तव्याकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "नाटक माझं आहे. त्यातली बाई काय बोलन ते मी ठरवीन." मी म्हटलं, "बाईले इचारलं का?" नाही, हे मी म्हटलं नाही. हे मला चार दिवसांनी सुचलं. चांगली वाक्यं नाटकात वेळेवर येतात, घरात उशिरा. तुम्ही निघून गेलात, भाकर करपली, आणि नंतरच्या सगळ्या प्रयोगांत मी ते वाक्य तुम्ही लिहिलं तसं बोलले. लोक रडायचे. तुम्ही माझ्याशी तालमीपुरतंच बोलायचात, मीही तेवढंच उत्तर द्यायची. मावशी पुन्हा प्रयोगाला आली नाही.

तर घसा बसवून मी दोन दिवस याच विचारात होते. वही उंदरांनी खाल्ली, त्या वेळचे नट गेले, तुम्ही गेलात. भाची बोचकं उचलून निघून जाते असं सांगितलं असतं तर कोणी म्हटलं नसतं की हे गुरुजींचं नाही. उलट या पोरापोरींनी वाहवा केली असती, त्या काळी असा शेवट लिहिला म्हणून. पुस्तकावर तुमचं नाव, आत माझा शेवट. मला फार आवडलं ते. खरं सांगते, एक रात्र मला त्या सुखानं छान झोप लागली. सकाळी उठले तर मावशीचं बोलणं कानात. वाचून देखवलं एक, लिवलं होतं एक. वर तुमचं नाव घालून आत माझं लिहवायचं म्हणजे तुम्ही तिला केलं तेच मी तुम्हाला करणार होते. तुम्हाला तर आता अंगठाही देता येत नाही.

दुपारी सुनेला बोलावलं आणि वाक्य सांगितलं, जसं होतं तसं.

संध्याकाळी सगळे जमले, सुनेनं शेवटचा प्रवेश वाचला, सगळ्यांनी डाळ निवडली. भाचीचं काम त्या गोंदियाच्या पोरीला दिलं आहे. ती म्हणाली, "दादी, ये माफ क्यों कर देती है? मेरे से नहीं होगा." तिरोड्याचा म्हणाला, "बदलून टाकू ना, कोन पाहून राहिलं?" मी म्हटलं, "तू आपले खडे पाह्य." मग पोरीला म्हटलं, "माफ नाई करत ते. म्हनते फक्त."

"तो बोलती क्यों है?"

"समोरच्याले आयकाचं आहे म्हून."

तिनं हातातली डाळ खाली ठेवली. मग उठून एकदा बोलून दाखवलं. मी इतक्या प्रयोगांत ते वाक्य कधी तसं बोलले नव्हते. तिनं मामाच्या जागेकडे पाहिलंच नाही, घराच्या दाराकडे पाहत बोलली. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं नसतं, पण तुम्ही खूण मात्र केली असती.

तुमच्यावर माझा राग आहे का, असं सुनेनं आत्ता विचारलं, लिहिणं थांबवून. आहे. आणि हे अंगण तुम्ही मांडलं, तेही आहे. एका बाईनं हात थांबवावा म्हणून तुम्ही तिच्यासमोर वाचत राहिलात आणि त्यातून इतके जण लिहायला, बोलायला, एकमेकांची कामं धरून ठेवायला शिकले. मी दोन्ही एकाच सुपात घेऊन बसते. पाखडून वेगळं होईल असं वाटायचं, होत नाही. बांधी तुमच्या नातवांकडे आहे. तिच्याबद्दल मी जमलेल्यांना काही सांगितलं नाही, कारण मावशीनं मला एकटीला सांगितलं होतं. सून म्हणते, "आई, याचाच सिनेमा होते." मी म्हटलं, "करशील तर तुझ्या हातचं जेवणार नाही." ती म्हणाली, "मग मीच सुटेन." बघा, हीसुद्धा तुमच्याच अंगणात शिकली.

हा कागद कोणाकडे जायचा नाही. घडी करून माझ्या पेटीत ठेवायचा, आणि पेटीत उंदीर आहेत. म्हणून एक गोष्ट सांगते.

मावशी गेली त्या थंडीत मी तिच्या उशाशी होते. दुपारची वेळ, तुमच्या घरचं कोणी नव्हतं. ती मला म्हणाली, "त्याले सांगजो, आयकलं म्हना मी." मी विचारलं, "काय आयकलं?" म्हणाली, "ते जे वाचते तो. समदं आयकलं. आता नोको वाचू म्हना, बस झालं." तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तिच्या बोलण्यात काही घालणार नाही. एवढंच म्हणाली.

तुम्ही त्यानंतर दोन वर्षं होता. दोन्ही वर्षी तालमीला रोज समोर होता. एकदा तर माझ्यासमोर बसून तुम्ही शेवट सातव्यांदा बदलून आणला होता, आणि वाचून झाल्यावर माझ्या उजवीकडच्या, मावशीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंत. तेव्हाही माझ्या तोंडाशी होतं.

सून विचारते, "आई, सांगायचं राहून गेलं, असं लिहू?" मी तिला म्हटलं, राहून गेलं नव्हतं. मी ठेवलं होतं. तसंच लिही.