कुठून बघू?

प्रिय ताई,

तिथलं काम लांबलंय, तेव्हा ठकूला आणखी चार महिने ठेवशील का, असं तू विचारलंस. उत्तर एका ओळीचं आहे, तरी हा तिसरा कागद. मधे दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहिलं. बंदच होता.

आधी बातमी. तुझी लेक ठीक आहे. वजन आठशे ग्रॅमनं वाढलं, पुढचा एक दात पडला. परवा मात्र तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. बालवर्गात सध्या आकार चाललेत, आधी सपाट, मग भरीव. बाईंनी पत्र्याचा डबा दाखवून आकार विचारला. सगळी मुलं "दंडगोल!" म्हणून ओरडली. आपली बया विचारते, "कुठून बघू?" बाई मला म्हणाल्या, "एवढीशी आहे आणि मलाच उलटं विचारते! घरी कोण शिकवतं हिला?" मी, म्हटलं. "तरीच," म्हणाल्या.

चूक माझीच. दिवसभर मी यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाचित्रं काढते. आमच्याकडे एका वस्तूची तीन चित्रं असतात: वरून, समोरून आणि बाजूनं. तेच तिला शिकवलं, कारण दुसरं काही येत नाही. मी गोष्ट सांगायला बसले की दुसऱ्याच वाक्यात राजा मरतो. म्हणून डबा वरून वर्तुळ, समोरून आयत. विदूषकाची टोपी वरून वर्तुळ, समोरून त्रिकोण. चेंडू कुठूनही बघितला तरी तोच. ठकू म्हणते, "मावशी, चेंडू खोटं बोलत नाही." महिनाभर आम्ही दोघी स्टुलावर चढून घरभर वाकून बघतोय. मला गणित शिकवताना तू कान पिळायचीस, तसं मी करत नाही, याची नोंद असावी.

काल बाईंनी तिचं चित्र घरी पाठवलं. विषय होता 'माझी आई'. कागदावर एक वर्तुळ, त्यात मधोमध एक रेघ, शेजारी छोटा आयत. खाली लाल शेरा: 'अपूर्ण'. हे काय गं, विचारलं. "आई. वरून." रेघ म्हणजे भांग. आयत म्हणजे तुझी बॅग.

आठवतं ना, रडारड नको म्हणून ती झोपेत असतानाच निघायचं, असं आपण दोघींनी ठरवलं होतं? तू खाली उतरलीस, मी दार लावलं. ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी होती, ताई. आठ महिने त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही, आणि तुला मात्र 'तिला कळलंसुद्धा नाही' असं लिहीत राहिले. ते चुकीचं होतं. फोनवर ही दुरुस्ती मला जमली नसती, म्हणून पत्र.

काल मी तिला म्हटलं, आता आई समोरून काढ. तिनं पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाली, "आठवत नाही." मी तुझा फोटो पुढे केला. तिनं तो उलटून मागची बाजू पाहिली आणि परत दिला. "हा सपाट आहे," म्हणाली.

मला तिचं ओझं नाही. ती गेल्यावर या घरात काय उरेल, ते मी मोजलेलं नाही. पण चार महिने ठेवणार नाही. ये. दारातून ये, आणि ती जागी असताना.

तुझीच,
धाकटी