उघड्या राहिलेल्या पाठीबद्दल आणि बाबूपेठेतल्या घराबद्दल

मी, केवळराम सोमाजी नागपुरे, वय बासष्ट, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, राहणार बाबूपेठ, चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही, म्हणून शुक्रवारी नागपूरला ऑपरेशन आहे. मला कोणी काही पाजलेले नाही. दम द्यायला माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे भाऊ, गुणवंतराव येऊन गेले, पण त्यांनी सांगितले त्याच्या बरोबर उलट मी लिहीत आहे, म्हणजे दबाव नव्हता हे सिद्धच झाले.

१. बाबूपेठेतले घर मी पगारातून बांधले. वडिलांचे त्यात काही नाही. त्यांच्याकडे तलाव आणि जाळे होते, आणि तलाव सरकारचा होता. हे घर जमिनीसह माझी सून डिंपल हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. माझी पत्नी गिरजा हयात असेतो समोरच्या दोन खोल्यांत राहील. तिला तिथून उठवण्याचा अधिकार डिंपललाही नाही. मुलगा अमर माजरीला कोळसा खाणीत आहे, कमावता आहे. तो या घरात राहील तो डिंपलच्या संमतीने. हे वाक्य खोडावे असे दोनदा वाटले. खोडलेले नाही.

२. हे का, तेही लिहितो, नाहीतर गुणवंतराव कोर्टात म्हणतील, सुनेने म्हाताऱ्यावर करणी केली.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आले. डिंपलला सहावा महिना होता. ग्रहणात गरोदर बाईने काही कापू-चिरू नये, निपचित पडून राहावे, असा आमच्याकडचा नेम आहे. सकाळी तिचे वडील तलावातून मासोळ्या घेऊन आले, त्या अजून तडफडत होत्या. आम्ही ढीवर, मासोळी दारात आली की हात विळीकडे जातो. डिंपल बसली आणि कापून मोकळी झाली. दिवाळीला आलेल्या गुणवंतरावांनी ते पाहिले. जानेवारीत मुलगा झाला. कमरेच्या वर त्याची पाठ उघडी होती. आठवडाभर जगला. तेव्हापासून घरात गिरजाचे एकच वाक्य फिरते आहे, "ग्रहणात मासोळी कापली अन् लेकराची पाठ फाडली."

मी गिरजावर खूप चिडलो. पण तिचा नातू गेला होता. तिला कारण हवे होते, आणि कारण चुलीपाशीच बसलेले होते.

येत्या रविवारी नागभीडला गुणवंतरावांच्या घरी बैठक आहे. डिंपलला माहेरी पोचवायचे आणि अमरला त्यांच्या ओळखीतली दुसरी मुलगी करून द्यायची, असा बेत आहे. अमर हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. त्या दिवशी मी शुद्धीवर असेन की नाही, सांगता येत नाही. मला भीती वाटते, आणि ती ऑपरेशनची नाही.

३. आयुष्यभर वर्गात शिकवले, ते आता घरच्यांना शिकवतो.

गर्भ सुरुवातीला पेशींची एक चपटी चकती असतो. तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर एक रेघ उमटते. वरच्या पेशी त्या रेघेतून आत उतरतात आणि गर्भाचे तीन थर होतात. आतल्या थरातून आतडी, यकृत, फुप्फुसांचे अस्तर. मधल्यातून हाडे, स्नायू, रक्त आणि हृदय. माझा मधला थर बासष्ट वर्षे चालला, तक्रार नाही. बाहेरच्या थरातून कातडी, आणि त्याच थरातून मेंदू व पाठीतला मज्जारज्जू. म्हणजे कातडी आणि मेंदू सख्खे भाऊ. गुणवंतरावांची कातडी गेंड्याची आहे हे सर्वश्रुत आहे. तिच्या भावाबद्दल काय ते समजून घ्यावे.

त्या बाहेरच्या थराची पाठीवरची पट्टी जाड होते. तिच्या दोन्ही कडा उचलतात, एकमेकींकडे वाकतात आणि मिटतात, गिरजा करंजीची कड मिटते तशा. त्याची नळी होते आणि ती कातडीखाली जाते. चौथा आठवडा संपेतो हे उरकलेले असते. एखादी जागा मिटायची राहिली, तर तिच्यावर मणकेही जुळत नाहीत आणि कातडीही येत नाही. तेव्हा बाईची पाळी जेमतेम चुकलेली असते. आमच्या नातवाची पाठ मे महिन्यात उघडी राहिली. ग्रहण ऑक्टोबरात लागले.

का राहिली, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. कधी पोषणात कमी पडते, कधी रक्तातून येते, आणि रक्त आईचे तसे बापाचेही. दुसरी सून आणली तरी बाप हाच असेल. बैठकीत हे कोणी बोलणार नाही, म्हणून इथे लिहिले.

४. माझा सूक्ष्मदर्शक कॉलेजला देऊ नये. तिथे तो कपाटात कुलपाआड मरेल. तो डिंपलला द्यावा. होळीच्या सुमारास तिने मला विचारले होते, "मामाजी, मी नसती कापली तं पाठ बुजली असती का?" मी दोन दिवस उबवलेले कोंबडीचे अंडे आणले, कवचाला खिडकी पाडली आणि तिला पाहायला लावले. "हे पाय, याची पाठ मिटून राह्यली. कोंबडीले अजून पत्ता नाई." ती बराच वेळ पाहत राहिली. "म्हणजे मले मालूमच नव्हतं, तवाच?" मी म्हटले, "तवाच, बेटा." मूल गेल्यावर ती तेव्हा पहिल्यांदा रडली. शिकल्याचे सार्थक झाले असे मला त्या दिवशी वाटले.

पुढच्या वेळी तिने आणि अमरने डॉक्टरांकडे आधी जावे आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आधीपासून सुरू कराव्यात. दिवस गेल्यावर नव्हे. ही सूचना आहे, अट नाही. मूल हवे की नको, हे तिचे तिने ठरवावे.

५. अमरला माझी स्कूटर. बाबा रे, तू वाईट नाहीस, गप्प आहेस. पण गप्प माणसाचे निर्णय इतर लोक घेतात, आणि भोगावे त्याच्या बायकोला लागते.

६. गुणवंतरावांना माझी छत्री. ऊन असो की ग्रहण, डोके झाकलेले बरे.

पेन्शन नियमाप्रमाणे गिरजाकडे जाईल, त्यात मी बोलायचे काही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे आज संध्याकाळी घरच्यांसमोर मोठ्याने वाचले. अमर मध्येच उठून अंगणात गेला, तो अजून तिथेच आहे. डिंपल दारात उभी राहून ऐकत होती. गिरजाने घराबद्दल एक शब्द काढला नाही. "मे महिन्यात?" एवढेच तिने विचारले. मी हो म्हटले. मग तिने शाईचा पॅड मागितला.

स्थळ : बाबूपेठ, चंद्रपूर
दिनांक : २० नोव्हेंबर १९९६

(सही) केवळराम सोमाजी नागपुरे

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही :
(सही) रफीक शेख, टायपिस्ट, शेजारी
(सही) भैयाजी कामडी, निवृत्त शिक्षक

(डाव्या हाताचा अंगठा) गिरजा केवळराम नागपुरे. साक्षीदार म्हणून नव्हे. बाईंनी सांगितले ते मी, रफीक शेख, शब्दशः लिहिले : "घर सुनेले देनं मले मंजूर नाई. पर लेकराची पाठ तिनं नाई फाडली. हे माह्या अंगठ्याखाली लिवा, रविवारी भावाले दाखवाचं हाय."