सव्वासातची गोलाई

नाना, तुमच्या कामाच्या बाकावर सध्या लाकडाचे तीन ठोकळे पडले आहेत. तुम्ही गेल्यावर जळगावचं दुकान आवरलं, तेव्हा तो बाक टेम्पोत घालून मी धुळ्याला आणला. आता तो माझ्या मागच्या व्हरांड्यात असतो. ठोकळे वीतभर लांबीचे आहेत आणि प्रत्येकाची खालची बाजू पन्हाळीसारखी आत गेलेली आहे, एकाची बरीच, एकाची थोडी कमी, एकाची जेमतेम. त्या पोकळीत पॉलिश पेपर चिकटवायचा आणि ठोकळा फळीवर लांबीच्या दिशेनं घासत राहायचा, म्हणजे फळीची पाठ तेवढी गोल होते. मी इलेक्ट्रिक गिटारची मान बनवते आहे. तिच्यावर एक फळी बसते, तारा बोटांनी दाबायच्या त्या हिच्यावर. तिची गोलाई किती ठेवावी हे चार दिवस मला ठरवता येत नव्हतं. तुम्हाला असा प्रश्न पडलाच नसता. तुमच्या लेखी फळ्या दोनच प्रकारच्या होत्या, सपाट आणि वाया गेलेल्या.

समजावून सांगते, पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, सवय आहे. एक गोल ओंडका घ्या, मध्यापासून सालीपर्यंत बारा इंचांचा. त्याच्या सालीकडून दोन बोटं रुंदीची पट्टी उभी कापली, तर तिची पाठ जेवढी गोल, ती बाराची गोलाई. म्हणजे जवळजवळ सपाटच. साडेनऊचा ओंडका लहान, म्हणून पाठ जास्त गोल. सव्वासातचा त्याहून लहान. पाठ गोल असली की पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून दाबणं हाताला सोपं जातं. पण तार बाजूला ओढून मींड काढायला गेलं, की तीच तार फळीच्या उंचवट्याला टेकते आणि सूर मध्येच मरतो. म्हणजे हात सांभाळायचा तर मींड सोडायची, मींड हवी तर हात दुखवायचा. पुण्याच्या ज्या दुकानातून ठोकळे मागवले, तिथला माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, नातवासाठी का? मग बाराचं करा, हल्ली सगळे बाराच घेतात." सगळे काय घेतात हे सांगणारी माणसं मला तुमच्यापासून ओळखीची आहेत. मी त्याला म्हटलं, नातू नाही, मीच वाजवणार आहे. त्यावर तो नुसता हसला.

माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं मधलं पेर आता सरळ होत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, अजून दोनेक वर्षं हलेल, मग आहे तिथे धरून बसेल. आणि फळीसाठी शिसवाचा एकच तुकडा आहे, तुम्ही माळ्यावर जपून ठेवलेल्यातला शेवटचा. त्यातून एकच फळी निघते. चुकली तर दुसरी नाही, आणि ती पुन्हा करून बघायला बोटही नाही.

तुमच्या सपाटपणाची कीर्ती जळगावभर होती हे मला मान्य आहे. नानांची फळी म्हणजे परातीतलं पाणी, असं लोक म्हणायचे आणि तुम्ही खाली मान घालून ऐकायचात, अगदी नम्रपणे, पण पुन्हा म्हणतील या आशेनं. पोलादी पट्टी फळीवर उभी धरून, एक डोळा मिटून, तुम्ही तिच्याखालून उजेड येतो का बघता आहात, हे चित्र मी अजून जसंच्या तसं बघते. देवाच्या फोटोपुढे तुम्ही इतके स्थिर कधी उभे राहिला नाहीत. मी सात वर्षांची होते तेव्हा रंधा आडवा न ठेवता पात्यावर ठेवला, तर तुम्ही गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "असा ठेवू नको, धार मरस," आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. माझ्यासाठी धुळ्याचं स्थळ बघायला आलात, तेव्हा बैठकीत बसल्या बसल्या त्यांच्या टेबलाच्या खालून तळहात फिरवलात. परत येताना एसटीत आईनं विचारलं, मुलगा कसा वाटला. तुम्ही म्हणालात, टेबल पिळलेलं आहे. मुलाविषयी एक अक्षर नाही. त्या मुलाबरोबर मी छत्तीस वर्षं संसार केला, आणि तो तुमच्याहून पुष्कळ शहाणा निघाला, कारण कुठलीही वस्तू हातात घेतली की तो आधी विचारायचा, हे कशासाठी आहे? तुम्ही आयुष्यात हा प्रश्न विचारला नाहीत. तुम्हाला लोक कारागीर म्हणायचे. मी म्हणते, तुम्ही एकच उत्तर पाठ केलेले विद्यार्थी होतात. असे दर वर्षी माझ्या वर्गात दोनतीन असायचे, आणि दुर्दैवानं त्यांचं अक्षर फार सुंदर असायचं.

आता ती गिटार. मी नववीत होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये परदेशातून आलेल्या कुणा फादरनी एक लाल इलेक्ट्रिक गिटार ठेवून दिली होती, आणि संगीताच्या सिस्टर ती मला शिकवायच्या. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मी ती वाजवणार होते. नाताळच्या सुट्टीत सरावासाठी सिस्टरांनी ती मला घरी न्यायला दिली. शाळेची वस्तू, चादरीत गुंडाळून, सायकलरिक्षात मांडीवर आडवी धरून मी घरी आणली. घरी आवाज मोठा करायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे ती डास गुणगुणल्यासारखी वाजायची, तरी आई भाकरी थापता थापता थांबून ऐकायची. मग मावशीकडे साक्रीला दोन दिवसांसाठी आम्ही मायलेकी गेलो. परत आलो तर गिटार या बाकावर पडलेली आहे. तारा पुन्हा चढवलेल्या. बाजूला काळपट लाकडाचा भुसा नीट गोळा करून ठेवलेला. तुम्ही हात पुसत पुढे आलात. असे हसलेले तुम्ही मला फार थोड्या वेळा आठवता.

"वाकडी व्हती. बठ्ठी सरय करी दिन्ही."

त्या फळीवर तुम्ही पट्टी धरली होती आणि दोन्ही कडांना उजेड दिसला होता. ज्या माणसानं ती बनवली, त्याला काम येत नव्हतं असं तुम्ही ठरवून टाकलंत. मग फळीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या सगळ्या बारीक पट्ट्या एकेक उपटून, फळीवर रंधा मारून, तिची गोल पाठ पार सपाट केलीत, आणि पट्ट्याही ठोकून सरळ करून पुन्हा त्यांच्या खाचांत बसवल्यात. मधलं लाकूड गेल्यामुळे मधल्या तारा फळीपासून उंच अधांतरी राहिल्या. दाबायला गेले तर बोटाच्या टोकाला चिरल्यासारखं झालं. परक्याची वस्तू, विचारल्याशिवाय, दुरुस्त. तुम्ही विचारलंत, बरी झाली ना? मी हो म्हटलं.

गेली कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. स्टाफरूममध्ये सांगितली, तुमच्या जावयाला सांगितली, तुमच्या तेराव्याला पंगत उठल्यावर चुलतभावांना सांगितली, आणि दर वेळी सगळे पोट धरून हसले. शिकलेल्या माणसांना अडाण्याच्या अभिमानाची गोष्ट फार आवडते. शेवटी मी म्हणायचे, आणि तिथेच माझी गिटार संपली. मग जरा शांतता व्हायची. ती शांतताही मला आवडायची.

काल शिसवाचा तुकडा बाजूला ठेवला आणि सागाच्या रद्दी पट्टीचे तीन तुकडे घेऊन तीन गोलाया केल्या, वर तारा ताणून पाहिल्या. बारावर माझं बोट आडवं टेकतच नाही. पेर वाकलेलं असल्यामुळे मधल्या तारा सुटतात. साडेनऊवर टेकतं, पण दोन मिनिटांत कळ अंगठ्यापर्यंत जाते. सव्वासातवर बोट जसं वाकलं आहे तसंच जाऊन बसतं, जणू त्या गोलाईसाठीच ते वाकत गेलं. तेव्हा सव्वासात. मींड जाईल. ती मला हवी होती, फार हवी होती, पण दोन वर्षांत जे वाजवायचं ते वाजवता तरी आलं पाहिजे. आज सकाळी शिसवावर ठोकळा फिरवायला सुरुवात केली. आता निम्म्याहून जास्त झालं आहे, परतीचा रस्ता नाही. तुम्हाला हे बघवलं नसतं.

चौथा एक तुकडा मी सपाट ठेवला होता, खात्रीसाठी. त्यावर बोट टाकलं तर काहीच दाबलं जाईना. आता जात नाही हे खरं. पण चौदाव्या वर्षी जात होतं, आणि हे मला माहीत आहे, कारण मी ते वाजवलेलं आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सुट्टी संपल्यावर गिटार परत नेली. सिस्टरांनी फळीवरून अंगठा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. मग खणातून छोटा पेचकस काढून मधल्या तारांखालचे स्क्रू खाली घेतले, वरच्या टोकाच्या खाचा कानशीनं जरा खोल केल्या, आणि म्हणाल्या, वाजव. पाव तासाचं काम. मी सगळ्या तारांवर बोट आडवं टाकलं आणि सगळ्याच्या सगळ्या वाजल्या. संमेलनातही वाजल्या. पुढे मी सोडली ती दहावीमुळे, आणि मग कॉलेजात गिटार नव्हती म्हणून. त्यात कुणाचा दोष नव्हता.

सिस्टरांनी त्या दिवशी पट्ट्यांची टोकं नखानं तपासली. एकही बोटाला लागत नव्हतं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? विचारल्याशिवाय करायला नको होतं, पण असा हात मी पाहिलेला नाही, त्याला घेऊन ये, मला भेटायचं आहे. तुम्ही काय काम करता हे मी शाळेत कधी बोलले नव्हते. दोन मुली शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, होता कुणीतरी सुतार, तो गेला त्याच्या गावाला.

त्यानंतर महिनाभर तुम्ही जेवताना विचारायचात, "सिस्टर काही बोलनी का?" मी ताटातून मान वर न करता म्हणायचे, काही नाही.