मामंजींच्या नावाचं स्टेशन

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥

गोंडपिपरी
ता. ६ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप ज्योत्स्नाबाईंच्या चरणी वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पोळा पार पडला. बैलांनी पुरणपोळी खाल्ली, आम्ही त्यांची उरलेली. धान पोटरीवर आहे, महाकालीच्या कृपेने यंदा पाणी वेळेवर आहे.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. बाई, फोन तुमच्या भावाच्या खिशात राहतो आणि बोलणं स्पीकरवर होतं. ओसरीवर चार जण बसलेले असतात, त्यांना आपल्या घरच्या वरणाची चवसुद्धा कळते. मनातलं पाकिटात घालून पाठवलेलं बरं.

तर झालं असं. तुमचे चुलतभाऊ, आपले हेमराजभाऊजी नागपूरला गेले होते. संध्याकाळी मेट्रोत त्यांना आमची दिव्यानी दिसली. कॉलेज सुटून बराच वेळ झाला होता. तुमचं घर एका टोकाला आणि पोरगी चालली होती दुसऱ्या टोकाला, हिंगण्याच्या बाजूला. कॉलेजचं स्टेशन (नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे) मागे पडलं तरी उतरली नाही, मान खाली ती खालीच. भाऊजींनी गावात पाऊल ठेवलं ते थेट आमच्या ओसरीवर. यांनी विचारलं की सोबत कोणी पोरगा दिसला का. भाऊजी म्हणाले, नाई दिसला, हेच तर वाईट. दिसला असता तर आपण त्याले विचारलं असतं.

न दिसलेल्या पोराने इथे घर हलवलं आहे. हे म्हणतात, दिवाळीले आली की बिस्तर इथीच. पुन्हा नागपूर नाही. भाऊजींच्या खिशात सोयरीक तर नेहमी तयार असते, तंबाखूच्या डबीसारखी. या खेपेला बल्लारपूरची आहे.

बाई, मी मॅट्रिक पास झाले त्या उन्हाळ्यात माझ्याही बापाच्या ओसरीवर असाच एक खिसा येऊन बसला होता. त्याबद्दल तक्रार नाही, तुमच्यासारखी नणंद मिळाली. पण पोरीचं शिक्षण तिथेच थांबू नये एवढंच वाटतं. ती घरी किती वाजता येते, काय करते, तुम्ही खरं ते कळवा. तुमच्या शब्दावर सगळं अवलंबून आहे.

आहे ती माया राहू द्यावी.

आपली
वच्छला

---

॥ श्री ॥

नागपूर
ता. १५ सप्टेंबर

चि. सौ. वच्छलास ज्योत्स्नाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मॅट्रिकवालीचं अक्षर पाहून सुनेला दाखवलं, म्हटलं पाह्य, अशी वेलांटी काढतात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, समजून घेशील.

हेमराजचं काही ऐकू नको. लहानपणी त्याला वाघ दिसायचा, मागून निघायचं रानडुक्कर. पण पोरगी उशिरा येते हे खरं आहे. आठ वाजतात. विचारलं तर म्हणते, प्रॅक्टिकल होतं आत्या. रोज कसलं प्रॅक्टिकल असतं ते मला काही कळत नाही. मी तिसरी पास.

माझ्या घरी तिला काही कमी नाही, हे माझ्या भावाला, गुणवंताला सांग. दोनच खोल्या आहेत, पण पोरीला एकटं वाटू नये म्हणून मी टीव्ही सहापासून लावून ठेवते, आवाजही मोठा ठेवते. सून प्रिया तिच्याच बाजूला ब्लाऊज शिवायला बसते, मशीन चालू असली की सोबत वाटते. मंगळवारी आमचं भजनी मंडळ असतं, टाळ मी तिच्याच हातात देते. पुस्तक घेऊन बसली की मी जाऊन काढून घेते. म्हणते, बाई, डोळे जातील, जरा बोल आमच्याशी. शेजारच्या बायाही येऊन बसतात, जंगलातली पोरगी काय शिकते म्हणून पाहायला. इतकं भरलेलं घर सोडून ही कुठे हिंडते, देव जाणे.

आणि ते स्टेशन शंकरनगर. आमच्या बाबांचंच नाव, तुझ्या तोंडून निघायचं नाही म्हणून मीच लिहून टाकते. लेकीला बापाचं नाव घ्यायला कोणाची चोरी नाही.

एवढी काळजी आहे तर स्वतः येऊन पाह्य. टेकडीच्या गणपतीचं दर्शन सांग गुणवंताला, देवाला तो नाही म्हणत नाही.

जीव लावते आहेस तसाच लाव.

तुझी
ज्योत्स्ना

---

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥

गोंडपिपरी
ता. १ ऑक्टोबर

तीर्थरूप ज्योत्स्नाबाईंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. तुमच्या घरची एक रात्र फार आनंदात गेली. टीव्ही, मशीन आणि टाळ एकदम ऐकण्याचा योग मला याआधी आला नव्हता.

तुम्ही घाईत विचारलंत, दुपारी उतरूनही घरी यायला दिवेलागण कशी झाली. जेवणाच्या पंगतीत सांगता आलं नाही, आता सांगते. हसू नका.

एसटीतून उतरले आणि म्हटलं, आधी पोरीचं कॉलेज पाहू. बर्डीच्या मेट्रो स्टेशनावर गेले. इतकं स्वच्छ की चप्पल काढावी वाटली. खिडकीतल्या मुलीने विचारलं, कुठे जायचं. आता आली पंचाईत. मी म्हटलं, माझ्या मामंजींच्या नावाचं स्टेशन आहे, तिथलं द्या. ती म्हणाली, मावशी, मामंजींचं नाव काय. मी म्हटलं, तेच तर घेता येत नाही ना माय. मागे रांग वाढली. मी म्हटलं, ज्यांच्या दारात नंदी बसतो ते. ती म्हणाली, नंदी नावाचं स्टेशन नाही. मागचा एक माणूस म्हणाला, बाई, तुमच्या मामंजीपायी माझी गाडी चालली. शेवटी तिने शेवटच्या स्टेशनाचं तिकीट हातात दिलं आणि सांगितलं, मधात कुठी बी उतरा. तीन स्टेशनांसाठी अख्ख्या लाइनीचे पैसे मोजले. पण मामंजींचा मान राखला म्हणून ते मी देवधर्माच्या खात्यात लिहिले.

गाडीत गार हवा, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. समोरासमोर बसतात आणि तुम्ही कोणत्या गावच्या, एवढंही विचारत नाहीत. आपल्या एसटीत एवढ्या वेळात दोन सोयरिकी जमल्या असत्या. मग गाडीतली न दिसणारी बाई बोलायला लागली आणि तिने मामंजींचं नाव घेतलं. एकेरी. डब्यातल्या सगळ्यांसमोर. मी सवयीने उठले, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. हात सोडेपर्यंत दार लागलं होतं आणि मामंजी मागे पडले होते. शेवटपर्यंत जावं लागलं, म्हणून उशीर.

आता मुख्य विनंती. परवापासून नवरात्र बसतं. मी महाकालीला नवस बोलले आहे की पोरीची परीक्षा नीट पार पडली तर चांदीचा डोळा वाहीन. त्यात एक अट आली आहे. पोरगी ज्या छताखाली झोपते त्या घरच्या वडील बाईने परीक्षेपर्यंत रोज सांजवातीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मौन धरायचं, आणि तेवढ्या वेळात घरात कोणतंही यंत्र आवाज करायला नको. एवढं कडक व्रत तुमच्याशिवाय कोणाकडून व्हायचं? तुमच्या घराण्यात बोललेला शब्द फिरवत नाहीत.

मोठ्या मनाने हो म्हणावं.

आपली
वच्छला

---

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥

गोंडपिपरी
ता. १ ऑक्टोबर

चि. दिव्यानीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरच्या पत्त्यावर आलेलं पत्र आत्या चष्मा लावून सगळ्यांना वाचून दाखवतात. माझी तिकिटाची फजिती तशी ऐकशीलच.

त्यांना लिहिलं नाही ते तुला लिहिते. शेवटच्या स्टेशनावर सगळे उतरले. बाकड्यावर तू बसली होतीस, मांडीवर जाड पुस्तक, पेन्सिल तोंडात. मी खांबाआड झाले. तुला न्यायला कोणी येतं का ते पाहिलं. कोणी आलं नाही. परतीची गाडी आली, तू चढलीस, मी मागच्या दाराने चढले. तुझ्यापासून दोन बाकं सोडून बसले. एका बाईच्या मांडीवर ताजी अंबाडी होती, भाव विचारायला जीभ शिवशिवत होती, तरी बर्डीपर्यंत तोंड उघडलं नाही. मी इतका वेळ गप्प बसले हे तुझ्या बाबांना सांगितलं तर ते डॉक्टरकडे नेतील. तुझी मात्र मान वर झाली नाही. म्हणून तुला ठाऊक नाही.

रात्री आत्याच्या घरी झोपले आणि तुझं प्रॅक्टिकल कोणतं ते मला कळलं. पोरी, त्या मायेनेच करतात सगळं. त्यांना आवाज कमी करा म्हणणं म्हणजे माया कमी करा म्हणणं. ते मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नको. त्यांच्यासाठी देवीकडून अट घेतली आहे. नवस खोटा नाही, मी खरोखर बोलले. फक्त देवीने काही मागितलं नव्हतं, मीच देऊ केलं, तेही दुसऱ्याच्या घरचं.

बाबांचं सांगते. घरी आले तेव्हा हेमराजभाऊजी हजरच होते. यांनी विचारलं, काय पाह्यलं. मी म्हटलं, पोरगी रोज तुमच्या वडिलांच्या दारावरून जाते. आख्खं स्टेशन त्यांच्या नावाचं आहे, दगडी खांबावर. गाडीतली बाई दर खेपेला मोठ्याने नाव घेते. आजोबांचं नाव घेतात तिथे नात मान खाली घालणार नाही तर काय वर करून बसणार? भाऊजींनी पाहिली ती हीच मान. तुम्हाला तिला वडिलांच्या दारातून उठवून आणायचं असेल तर आणा, मी बिस्तर बांधायला येते.

यांनी सुपारी कातरायला घेतली. भाऊजी म्हणाले, त्या नावाचे ते वेगळे असतील. त्यावर हे असे भडकले की मलाच पाणी द्यावं लागलं. म्हणाले, माझ्या बापाचं नाव हाय, वेगळं काऊन असंल. दिवाळीनंतर तुला परत पाठवायचं ठरलं आहे. बल्लारपूरची सोयरीक भाऊजींच्या डबीत परत गेली.

अभ्यास कर. गाडीत पुस्तकावर डोकं ठेवून झोपू नको, केस अडकतील दारात.

आईवरचा जीव कमी होऊ देऊ नको.

तुझी
आई

---

॥ श्री ॥

नागपूर
ता. २२ ऑक्टोबर

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या देवीने माझी जीभ बांधून टाकली. संध्याकाळची वेळ म्हणजे माझा जीव, आणि नेमकी तीच मागितली. मालिकेतली सून घरातून निघून गेली की परत आली, मला ठाऊक नाही. शेजारणी दारातून खुणा करून परत जातात. प्रिया म्हणते, आई, असंच राहू द्या कायमचं. तिला मी व्रत सुटल्यावर पाहते.

पण केलं तर पूर्ण करायचं, असं बाबा सांगायचे. मौनात रिकामं काय बसायचं, म्हणून मी पोरीच्या अगदी समोर पाट मांडून बसते. पोरगी वाचते की नाही, यावर माझं पूर्ण ध्यान असतं. डोळ्याची पापणी हलवत नाही. तरी वच्छला, ही अजून आठलाच घरी येते. आता तर घरात चिडीचूप आहे. हिला पाहिजे तरी काय?

तूच विचार तिला. मला बोलता येत नाही.

माया आहेच, मौनातही.

तुझी
ज्योत्स्ना

---

॥ श्री ॥

नागपूर, मेट्रोतून
ता. २४ ऑक्टोबर

ती. आईस दिव्यानीचा साष्टांग नमस्कार.

अक्षर हलतं आहे ते गाडी वळते म्हणून. आता खरं सांगते. टीव्हीचा आवाज परवडला. आत्या समोर पाट मांडून बसतात आणि माझ्याकडे बघतात. मी पान उलटलं की मान डोलावतात. एका पानावर जास्त वेळ थांबले की भुवई वर जाते. काल मी न वाचताच तीन पानं उलटली, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यापेक्षा ही गाडी बरी. इथे माझ्याकडे कोणी बघत नाही. परीक्षेपर्यंत असंच चालू दे. आत्यांना काही बोलू नको, त्या खूप कष्टाने गप्प बसल्या आहेत.

बाबांना सांग, आजोबांचं स्टेशन आलं की मी खरंच मान खाली घालते. पुस्तक मांडीवरच असतं, त्यामुळे जड जात नाही.

आणि आई, तू लिहिलंस की मला ठाऊक नाही. त्या दिवशी परतताना गाडीतल्या बाईने आजोबांचं नाव घेतलं आणि काचेत दिसलं, भरलेल्या डब्यात एकच पदर डोक्यावर गेला आणि एकच जोडी हात जुळले. गोंडपिपरीशिवाय असं कोण करणार? तू इतकी मन लावून माझं वाचणं बघत होतीस की हाक मारवली नाही. बर्डी येईपर्यंत एकच पान उघडं धरून बसले. एक अक्षर वाचलं नाही.

हेमराजकाकांना सांगायचं तर सांग, त्यांचं चुकलं नव्हतं. फक्त दिवस चुकला. तू डब्यात होतीस त्या दिवशी मी खरंच कोणासाठी तरी मान खाली घालून बसले होते.

दिवाळीला येते. तोवर होती तशीच माया ठेव.

तुझी
दिव्यानी