सिमल्याच्या बैठकीत न घेतलेलं नाव

पाली (वेल्हे)
ता. १९ जुलै १९७२

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या गीताचा नमस्कार. हितं सगळी धडधाकट हायेत. पाऊस बेताचाच, भातलावणी निम्मी झाली. म्हैस व्याली, रेडी झाली. वहिनीला आठवण सांग.

तुझं सिमल्याहून धाडलेलं पत्र पोचलं. मी रानात होते, म्हणून मामंजींनी ते गुरुजींकडून ओटीवर वाचून घेतलं. देवदाराची झाडं, थंडी, दोन देशांच्या पुढाऱ्यांच्या मोटारी, सगळं शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं. बैठकीत काय ठरलं तेबी तू लिहिलंस. फौजा मागं घ्यायच्या, टपाल-तारा सुरू करायच्या, व्यापार वाढवायचा. कैद्यांचं पुढच्या बैठकीत बघू. दिल्लीच्या हपिसातनं तुला साहेबांसंगं नेलं, आन् हे कागद तूच टाइप केलेस म्हणं. दादा, ‘कैदी’ हा शब्द बडवताना तुझी बोटं अडली न्हाईत?

भोरच्या एस.टी. स्टँडवर म्या तुझ्या हातात ह्यांचा फोटो दिला होता, मागं पलटणीतला नंबर लिहून. डिसेंबरच्या लढाईत ह्यांना पाकिस्तानी शिपाई धरून नेत होते, पाय जखमी होता पण चालत होते, हे विंझरच्या मानसिंगनं डोळ्यानं पाह्यलंय. ह्यांच्याच पलटणीतला तो. त्यानं तुला समोर सांगितलं. तू म्हणालास, “मोठमोठे साहेब माझ्या टेबलाशी येतात, गीते. विचारतो.”

आन् पत्रात काय? “साहेब कामात होते, मधेच घरचं गाऱ्हाणं काढणं बरं दिसेना.”

बरं दिसेना. नवरा माझा, आन् लाज तुला वाटली.

पत्र ऐकून मामंजी म्हणाले, “दिल्लीवाल्याला ठाव असणारच. दहावा उरकून टाकू.” रविवारी बाया बांगड्या फोडायला थेट खाचरात आल्या. मी चिखलात बसले आन् दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. कुणी ओढलं, कुणी शिव्या दिल्या. उठले न्हाई. शेवटी सासूबाई बांधावर आल्या. “सोडा तिला,” म्हणाल्या. “माझ्या लेकाचं सुतक कधी धरायचं ते मला कळंल.” बाया गेल्या. तवापासून सासूबाई मामंजींशी बोलत न्हाईत.

सोमवारी मी न् मानसिंग पुण्याला लष्कराच्या हपिसात जातोय. तू विचारलं न्हाईस ते मी विचारीन. फोटो रजिस्टर टपालानं परत धाड. भाऊबीजेला येऊ नको.

आता जे लिहायचं मगापासून टाळतेय, ते लिहिते. मामंजींनी मनानं काही ठरवलं न्हाई. माणूस गेला असं पत्रात तू कुठंच लिहिलेलं न्हाईस. सरकारनं बेपत्ता म्हटलंय, मेला असं सरकारबी म्हणत न्हाई. पण पाकिटावर माझ्या नावामागं तू तुझ्या सुबक अक्षरात ‘गं. भा.’ लिहिलंस. गुरुजींनी आधी तेच वाचलं. तिकडं तोंड उघडवलं न्हाई तुला, आन् हितं बसल्या जागी मला विधवा केलंस.

पुन्यांदा पत्र धाडायचंच झालं, तर नाव बघून लिही.

सौ. गीताबाई सावळाराम रेणुसे