क्रुसाची दगडी टोपी

चिरंजीव फिंटनला लिव्हरपूलहून आईचे आशीर्वाद. पत्र तुझी भाची ऊना लिहितेय.

मी मजेत आहे. फक्त कपाळ ठणकतं, नि हल्ली एक डोळा अंधारतो. गोळ्यांनी काही होत नाही. आपल्या गावच्या कबरस्तानातल्या नक्षीच्या क्रुसावरची सुटी दगडी टोपी कधी डोक्यावर ठेवते, असं झालंय. तुझ्या आजीचा ठणका त्या टोपीनंच उतरला होता.

आणि काल कळलं, नव्या फादरच्या सांगण्यावरून तूच ती सिमेंटनं पक्की केलीस! गवंडीकाम काय यासाठी शिकलास? त्यांचं डोकं कशाला दुखेल? वापरलं तर दुखेल ना!

ऊना विचारते, "आजी, हेही लिहू?" लिही बाई.

गाय व्याली का? शनिवारच्या बोटीनं येतेय. छिन्नी घे नि टोपी मोकळी कर. ती खाली आली नाही, तर टोपीला डोकं लावायला तुलाच मला उचलून वर धरावं लागेल, आणि इथं लेकीच्या हातचं खाऊन मी चांगली जड झालेय.

तुझ्यावर रागावलेली,
आई